काट्याजवळचा तिसरा माणूस

तोलणारा, माल देणारा आणि बाजूला उभा राहून पाहणारा अशी तीन माणसे काट्याजवळ असतात. व्यवहार पहिल्या दोघांचा असतो. त्यात लबाडी होत असेल तर ज्याचे नुकसान होते त्याला ती एक तर कळत नाही, किंवा कळूनही बोलता येत नाही. तिसऱ्याला बोलता येते, कारण त्याचे त्या व्यवहारात काहीच अडकलेले नसते. अनोळखी माणसाच्या पैशाच्या व्यवहारात मध्ये पडणाऱ्याचे बळ यातूनच येते. त्याच्या चुकांचे मूळही बहुतेक वेळा याच मोकळेपणात असते.

गोंदिया जिल्हा हा विषय समजून घ्यायला सोयीचा आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात असंख्य कुटुंबांची कमाई तोलून किंवा मोजून हाती येते. धान कट्ट्याने जातो, तेंदूपत्ता पुड्याने, मोहफूल किलोने, आणि विडीची मजुरी हजारी ठरते. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. त्यामुळे आठवडी बाजारात झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी एकाच ओट्यावर ऐकू येतात. भाव एका भाषेत ठरतो, हिशेब दुसऱ्या भाषेत होतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावरचा आकडा इंग्रजीत उमटतो. तो आकडा मोठ्याने वाचून दाखवणे ही तिथे साधी पण खरी मदत ठरते.

सगळ्यात मोठा व्यवहार धानाचा. खरिपाचा धान कापून, पुंजणी लावून, मळून झाला की शेतकरी आधारभूत खरेदी केंद्रावर नोंदणी करतो. आदिवासी भागात ही खरेदी महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ करते, इतरत्र मार्केटिंग फेडरेशन. प्रत्यक्ष काटा मात्र गावातल्या किंवा परिसरातल्या सहकारी संस्थेच्या हाती असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण प्रतीच्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला, ओलाव्याची मर्यादा १७ टक्के. कट्टा ४० किलोचा भरतात. रिकामा बारदाना साधारण ६०० ग्रॅमचा धरला, तर भरलेल्या कट्ट्याचे वजन काट्यावर ४०.६०० यायला हवे.

इथे एक किलो, तिथे दीड किलो जादा घेतल्याच्या तक्रारी जवळपास दर हंगामात वर्तमानपत्रांत येतात. याला निव्वळ हावरटपणा म्हणून सोडून देता येत नाही. केंद्रावर घेतलेला धान उचल होईपर्यंत गोदामात, कधी उघड्यावर पडून राहतो. तो सुकतो, उंदीर खातात, वजन घटते, आणि ही घट केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या माथी बसण्याची भीती असते. संस्था ती आधीच शेतकऱ्याकडून वसूल करून ठेवते. आता हिशेब पाहावा. कट्ट्यामागे ४०.६०० ऐवजी ४२ किलो घेतले तर १.४ किलो जादा गेले. शंभर कट्टे देणाऱ्याचे १४० किलो गेले, म्हणजे या हमीभावाने सुमारे ३,३१७ रुपये. कट्टा एकेक करून पाहिला तर काहीच वाटत नाही. शंभर कट्ट्यांवर मात्र मजुरांचे कितीतरी दिवसांचे पैसे निघून जातात.

मग रांगेतले बाकीचे शेतकरी गप्प का राहतात? कारण ते तिसरे नसतातच. त्यांचाही धान त्याच काट्यावर चढायचा असतो. कोणाला बारदाना आज मिळेल, कोणाचा ट्रॅक्टर आधी रिकामा होईल, कोणाच्या धानात ओलावा ‘जास्त’ निघेल, हे सगळे काट्यावरच्या माणसाच्या हाती. केंद्राचे उद्दिष्ट संपले आणि खरेदी थांबली तर तोच धान खासगी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. त्यात चुकारे आठवडे-आठवडे थकण्याची सवय. अशा वेळी शेजाऱ्याच्या दीड किलोसाठी तोंड उघडणे कोणाला परवडत नाही. खरा तिसरा म्हणजे परगावचा ट्रॅक्टरचालक, काकाबरोबर आलेला कॉलेजातला पुतण्या, किंवा रस्त्याने जाता जाता थांबलेला निवृत्त मास्तर.

त्याने काय बोलावे यावर पुढचे सगळे ठरते. ‘लुटता काय गरिबाला’ म्हटले की भांडण माणसांचे होते. काट्यावरच्याला आता स्वतःची अब्रू सांभाळायची असते, आणि चार लोकांसमोर तो कधीही माघार घेणार नाही. याउलट ‘भाऊ, एकदा काटा खाली करून शून्य दाखवा बरं’ एवढेच म्हटले तर भांडण आकड्याचे होते. काट्यावर काही नसताना पडद्यावर शून्य दिसायला हवे, यावर कोणाचा वाद असू शकत नाही. त्यानंतर रिकामा बारदाना एकटा तोलून पाहता येतो. कट्टा उतरवून पुन्हा चढवता येतो. तोलणाऱ्याला ‘अरे, सरकला होता काय’ असे म्हणून वजन दुरुस्त करण्याची वाट मोकळी राहते. ही वाट ठेवणे अनेकांना मिळमिळीत वाटते. पण कट्ट्यातला दीड किलो धान परत मिळवायचा असेल तर तीच कामाची.

बाजारातल्या लहान काट्यासाठी याहून सोपा उपाय आहे. किराणा दुकानातली पिशवीबंद मिठाची एक किलोची थैली काट्यावर ठेवायची. पिशवीच्या वजनामुळे काटा किलोच्या किंचित वर, काही ग्रॅम पुढे दिसला पाहिजे. ज्याचा काटा विकत घेताना वजन कमी दाखवायला लावलेला असतो तिथे तीच थैली ९०० ग्रॅमच्या आसपास येते. मोहफुले, चिंच, चारोळी विकायला आलेल्या बाईला यातले काही बोलावे लागत नाही; थैली ठेवणारा कोणीही असू शकतो. काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाच्या पडताळणीचा शिक्का असतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी १२ महिन्यांनी करावी लागते. शिक्का जुना असणे ही स्वतंत्र तक्रार आहे आणि ती करायला आपला माल त्यावर तोललेला असण्याची गरज नाही.

कायद्यातली एक बाजू इथे नीट समजून घ्यायला हवी. माल विकणारा शेतकरी किंवा मजूर हा त्या व्यवहारात ‘ग्राहक’ नसतो. म्हणून ग्राहक संरक्षण कायदा आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन दुकानातून खरेदी करणाऱ्याच्या कामाची, धान विकणाऱ्याच्या नव्हे. त्याच्या कामाचा आहे २००९ चा वैधमापन कायदा. त्याच्या कलम ३० मध्ये कमी माप देणे जसे येते तसेच विकत घेताना मोबदला दिला त्यापेक्षा जास्त माल लबाडीने घेणेही येते. शिवाय तिथे वजन आणि मापाबरोबर संख्येचाही उल्लेख आहे. मोजून घेतलेल्या वस्तूत जादा नग उचलणे हाही मापातलाच गुन्हा होतो.

संख्येचा मुद्दा तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पुडे विकत घेण्याच्या जागी, लागू पडतो. एप्रिल-मेच्या उन्हात पाने तोडून, घरी आणून, बायका-मुले मिळून पुडे बांधतात. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने आणि एका प्रमाण गोणीत १,००० पुडे. शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडात पुडा ५० पानांचा, त्यामुळे सीमेवरच्या गावांत दोन राज्यांचे दर थेट जुळवून पाहणारे हमखास फसतात. संध्याकाळी फळीवर पुडे ओळीने मांडले जातात आणि मुनशी ओळी मोजतो. शंभरामागे पाच पुडे ‘खराब’ म्हणून वर घेतले तर ३५० पाने गेली. पाने खरोखर किडकी असतील तर नाकारण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. पण नाकारलेला पुडा परत द्यायचा असतो. नाकारलाही आणि ठेवूनही घेतला, असे दोन्ही होत नाही. विडी कारखानदारीत ‘छाट’ काढलेल्या विड्यांवरून हाच वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागली होती. फळीवरचा तिसरा माणूस एकच गोष्ट करू शकतो, मुनशीबरोबर ओळी मोठ्याने मोजणे. दोन जण मोजत असले की मोजणी सहसा चुकत नाही.

माणसे दुसऱ्याच्या मदतीला धावतात की नाही, यावर बाहेरच्या जगात पुष्कळ काम झाले आहे. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की संकट पाहणारे जितके जास्त तितकी प्रत्येकाची हालण्याची शक्यता कमी; जो तो दुसऱ्याकडे पाहत राहतो. बराच काळ हाच निष्कर्ष प्रमाण मानला गेला. पुढे रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील लँकेस्टर, नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन इथल्या २१९ रस्त्यावरच्या भांडणांचे कॅमेऱ्यातले चित्रण तपासले. त्यांत दहापैकी नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडले होते. दोन्ही निष्कर्षांचा मेळ घालताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. मारामारी दिसते, ऐकू येते. १.४ किलोची चोरी दिसत नाही. पैशाच्या व्यवहारातला तिऱ्हाईत भित्रा असतो म्हणून गप्प राहतो असे नाही. बहुतेक वेळा समोर काय चालले आहे हे त्याला कळलेलेच नसते.

याहून उपयोगी प्रयोग २०१४ चा आहे, ओरिएल फेल्डमनहॉल आणि न्यूयॉर्क विद्यापीठातील सहकाऱ्यांचा. त्यात एकाने रक्कम वाटायची आणि दुसऱ्याला अन्यायाने कमी द्यायचे. ज्याला कमी मिळाले त्याला विचारले, तेव्हा बहुतेकांनी आपले नुकसान भरून घेणे पसंत केले आणि समोरच्याला शिक्षा करण्याचा पर्याय सोडून दिला. तोच निर्णय दुसऱ्या कोणासाठी करायला सांगितला की माणसे शिक्षेकडे झुकली. ज्याचे गेले त्याला पैसे हवे असतात. ज्याचे गेले नाही त्याला न्याय हवा असतो.

गोंदियाच्या बाजारात हा फरक रोज भोवतो. मोहफुले घेऊन आलेल्या बाईने त्याच व्यापाऱ्याकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते. मुलाच्या तापाच्या वेळी त्यानेच शंभर-दोनशे हातावर ठेवलेले असतात. तो अर्धा किलो मारतो हे तिला ठाऊक असते आणि तिने ते मनातल्या मनात उचलीच्या व्याजात धरलेले असते. अशा वेळी परक्याने येऊन तमाशा केला तर तिऱ्हाईत संध्याकाळच्या गाडीने निघून जातो, आणि पुढच्या बाजारी तिला त्याच ओट्यासमोर टोपली उतरवायची असते. म्हणून आधी तिलाच बाजूला विचारणे, ‘मावशी, परत तोलायला सांगू का?’, हे सौजन्य म्हणून नव्हे तर गरज म्हणून करावे लागते. ती नको म्हणाली तर तिच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाला पोचत नाही. काट्याची सर्वसाधारण तक्रार विभागाकडे मात्र नंतर करता येते. ती तिच्या नावाशी जोडली जात नाही आणि तिच्यासारख्या सगळ्यांना उपयोगी पडते.

दर कमी असणे आणि माप कमी असणे यांतही गल्लत नको. व्यापारी उघड सांगून कमी भाव देत असेल आणि विकणारा तो मान्य करत असेल, तर तो कदाचित अन्याय असेल, पण लपवाछपवी नाही. तिथे तिऱ्हाईताच्या हाती फार तर माहिती देणे असते: अमुक केंद्र सुरू झाले, हमीभाव इतका आहे, सातबारा आणि आधार घेऊन नोंदणी होते. सौदा मोडायला लावणे त्याच्या हाती नाही.

बँकेच्या प्रतिनिधीकडे, म्हणजे गावातल्या ‘बँक मित्रा’कडे अंगठा लावून पैसे काढणे हा अलीकडचा व्यवहार. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले आणि ही गर्दी वाढली. प्रतिनिधीला त्याचे कमिशन बँक देते. ग्राहकाकडून त्याने परस्पर काही घ्यायचे नसते. प्रत्यक्षात १,५०० चा अंगठा लागतो आणि हातात १,४५० पडतात, किंवा ‘सर्व्हर नाही’ म्हणून दोनदा अंगठा लावून घेतला जातो. रांगेतल्या शिकलेल्या मुलीने इथे फक्त पावती मागायला सांगावे, आणि पावतीवरची रक्कम वाचून दाखवावी. नोटांना हात लावू नये. हे बजावून सांगण्याचे कारण असे की ‘मदत करतो’ म्हणणारा अनोळखी माणूस हेच ठगांचे सर्वांत जुने सोंग आहे. एटीएममध्ये कार्ड बदलणारे, पिन विचारणारे बहुतेक मदतीच्याच मिषाने जवळ येतात. खऱ्या मदतनिसाने कार्ड, पिन, मोबाइल आणि रोख या चारही गोष्टी मालकाच्याच हाती राहतील इतक्या अंतरावर उभे राहावे. पैसे ऑनलाइन ठगाने काढून नेले असतील तर १९३० वर जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची आशा जास्त. तो नंबर लावून देणे आणि मोबाइल ज्याचा त्याच्याच हाती ठेवणे एवढे पुरे.

सावकारीत तिसऱ्या माणसाची गरज सरकारने फार पूर्वी ओळखली होती. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात होता. मंदीने धान्याचे भाव कोसळले, कर्ज मात्र तेवढेच राहिले, तेव्हा या प्रांताने १९३३ मध्ये कर्ज तडजोड कायदा केला. असे पाऊल उचलणारा तो देशातला पहिला प्रांत. ऋणको आणि सावकार यांना समोरासमोर बसवून मंडळ हिशेब तपासत असे आणि दोघांना झेपेल अशा रकमेवर तडजोड घडवत असे. त्यातली सर्वांत धारदार तरतूद कागदाची होती: मंडळाने बोलावल्यावर मुदतीत ज्या सावकाराने आपल्या येण्याचा तपशील मांडला नाही, त्याचे ते कर्ज फिटले असे धरले जाई. मंडळाने न्यायनिवाडा करण्यापेक्षा वह्या उघडायला लावण्यावर भर दिला, हे शहाणपणाचे होते.

आजचा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ चा आहे. परवानाधारक सावकाराला शेतीकर्जावर तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि नसेल तर १२ टक्के व्याज घेता येते. बिगरशेती कर्जावर हेच दर १५ आणि १८ टक्के आहेत. चक्रवाढ व्याजाला मनाई आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. सावकाराने व्यवहारात जमीन बळकावली असेल तर ती परत मिळवण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. शेकडा पाच महिन्याचे व्याज हे वर्षाला ६० टक्के होते, एवढा गुणाकार कागदावर मांडून दाखवणे हेही मध्ये पडणेच. कर्जदाराला हा आकडा अनेकदा कोणी कधी सांगितलेलाच नसतो, कारण सगळे बोलणे महिन्याच्या शेकड्यात चालते.

जागेवर काही जमले नाही तर तिऱ्हाईताचे उरलेले मोल साक्षीदार म्हणून. कायद्यात तोंडी पुरावा स्वतः पाहिल्या-ऐकल्याचाच चालतो. म्हणून त्याच दिवशी लिहून ठेवावे: तारीख, वेळ, ठिकाण, काट्यावरचा आकडा, पावतीवरचा आकडा, काट्याच्या शिक्क्याचा फोटो. ‘ते नेहमी असेच करतात’ हे लिहू नये. ते पाहिलेले नसते, ऐकलेले असते. काट्यावर ४२.००० पाहिले तर ४२.००० लिहावे, सव्वाबेचाळीस वाटले म्हणून तेवढे लिहू नये. एक फुगवलेला आकडा सापडला की बाकीचे खरे आकडेही निकालात निघतात. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याने संरक्षण दिले आहे. पैशाच्या व्यवहारात मध्ये पडणाऱ्यासाठी तसे काही नाही. हात उगारणे, सरकारी केंद्रातल्या कर्मचाऱ्याला अडवणे, बाजारात कोणाला चोर म्हणून ओरडणे यांची किंमत त्याला स्वतःच मोजावी लागते.

तक्रार कुठे जाईल हे व्यवहारावर ठरते. काटा आणि माप वैधमापन निरीक्षकाकडे, सावकारी सहकार खात्याच्या निबंधकाकडे, धान खरेदी केंद्राची तक्रार महामंडळ किंवा फेडरेशनच्या जिल्हा कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. बँकेचा मामला असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत जाता येते. तिथे वकील नसलेल्या कोणालाही तक्रारदार लेखी अधिकार देऊन आपला प्रतिनिधी नेमू शकतो. रांगेत शेजारी उभी असलेली मुलगीही ते काम करू शकते. खातेदार बाईची सही किंवा अंगठा असलेले अधिकारपत्र मात्र तिच्याजवळ हवे.